डॉ. अलॉइस अल्झायमर

वृद्धांना आप्तांची नावे आठवेनाशी झाली, की साठी बुद्धी नाठी असे म्हणून सातारा-सांगलीकडे तो वयाचाच दोष समजत. असे विस्मरण मेंदूच्या रोगानेही जडते, हे डॉ. अल्झायमर यांनी दाखविले. त्यांचा जन्म १८६४ साली जर्मनीत झाला. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आलेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. डॉक्टरांनी तिची उत्तरे आस्थेने टिपून ठेवली. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींत तंतूंचा गुंता झालेला दिसला. विद्वानांच्या सभेत त्यांनी हे मांडले. कोणी लक्ष दिले नाही. १९१० मध्ये रोगाला त्यांचे नाव मिळाले. १९१५ मध्ये ते निवर्तले. विसराळू आजोबांना हसू नये. त्यांचा हात धरावा.