गाठीचा प्रतिध्वनी ऐकणारा प्राध्यापक : डॉ. इयान डोनाल्ड

मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीची तपासणी आज बहुधा सोनोग्राफीने सुरू होते. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी किती, त्यात पॉलिप वा गाठ आहे का, याची पहिली उत्तरे याच पडद्यावर मिळतात. स्त्रीरोगशास्त्राला हा पडदा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. इयान डोनाल्ड यांना जाते.

२७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात लिस्कर्ड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे स्कॉटिश डॉक्टरांचे. वडिलांच्या प्रकृतीमुळे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. परंतु तेथे घटसर्पाने आईचा बळी घेतला आणि थोड्याच काळात वडीलही गेले. केप टाऊनमध्ये पदवी घेऊन डोनाल्ड इंग्लंडला परतले आणि १९३७ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना त्यांनी बाँब असलेल्या जळत्या विमानातून सहकाऱ्यांना बाहेर काढले. या शौर्याबद्दल १९४६ मध्ये त्यांचा सन्मान झाला. रडार आणि सोनार या तंत्रांची ओळखही त्यांना याच काळात झाली.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी पोटातील गाठीचे निदान मुख्यतः डॉक्टरांच्या बोटांवर अवलंबून असे. गाठ टणक की मऊ, एवढे हाताला कळे; ती मांसाची की पाण्याची, याची खात्री अनेकदा पोट उघडल्यावरच पटे. ही अनिश्चितता डोनाल्ड यांना खटकत होती. ध्वनिलहरींनी शरीराची तपासणी करण्याचे प्रयत्न अमेरिकेत जॉन वाइल्ड करीत होते, हे त्यांना ठाऊक होते. ग्लासगोजवळच्या रेनफ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कारखान्यात धातूमधील तडे शोधण्यासाठी असेच यंत्र वापरले जाई. २१ जुलै १९५५ रोजी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून डोनाल्ड तेथे पोहोचले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता! पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे उमटले.

रुग्णालयातील सुरुवातीचे प्रयोग मात्र निराशाजनक ठरले. उसन्या यंत्राला जवळचे दिसत नसे, म्हणून रुग्णाच्या पोटावर पाण्याचे भांडे ठेवून तपासणी करावी लागे. सहकाऱ्यांच्या थट्टेचाही विषय झाला. अशा वेळी केल्विन अँड ह्यूज कंपनीतील तरुण अभियंता टॉम ब्राऊन मदतीला आले. त्वचेवर तेल लावून थेट फिरवता येईल असे यंत्र त्यांनी तयार केले. डॉ. जॉन मॅकव्हिकर हे या चमूतील तिसरे सहकारी.

याच सुमारास जठराचा असाध्य कर्करोग झाल्याचे निदान झालेली एक स्त्री त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. यंत्राने मात्र पाण्याने भरलेली मोठी गाठ दाखविली. शस्त्रक्रियेत ती बीजकोशाची साधी गाठ निघाली आणि त्या स्त्रीचे प्राण वाचले. त्यानंतर थट्टा थांबली. ७ जून १९५८ रोजी या तिघांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९६३ च्या सुमारास भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय स्पष्ट दिसते, हे ध्यानात आले. पोटावरून सोनोग्राफी करताना आजही भरपूर पाणी प्यायला सांगितले जाते, ते त्यामुळेच.

हृदयविकाराने ग्रासलेल्या डोनाल्ड यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, तरीही निवृत्तीपर्यंत त्यांनी काम सोडले नाही. गर्भपाताला त्यांचा धार्मिक श्रद्धेतून कडवा विरोध होता आणि ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याविरुद्ध ते उघडपणे उभे राहिले. १९ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ मध्ये केंद्रानेही कायदा केला. स्त्रीचा जीव वाचविणाऱ्या यंत्राचा वापर मुलींना जन्माआधीच नाकारण्यासाठी व्हावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

त्यांच्या विद्येची वाटचाल मात्र थांबलेली नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी इलास्टोग्राफीची कल्पना मांडली. हलक्या दाबाखाली मऊ ऊती अधिक दबते, टणक ऊती कमी; तो फरक यंत्र रंगांत दाखविते. काही यंत्रे ऊतींतून जाणाऱ्या लहरींचा वेग मोजतात. टणक भागातून त्या अधिक वेगाने जातात. गर्भाशयातील मऊ पॉलिप आणि टणक फायब्रॉइड वेगळे ओळखण्यासाठी, तसेच वंध्यत्वात अस्तराची स्थिती समजून घेण्यासाठी या तंत्राचा अभ्यास सुरू आहे. अंतिम निदानासाठी अद्याप दुर्बिणीची तपासणी आणि अस्तराच्या तुकड्याची चाचणी यांवरच भिस्त आहे. तथापि, जुने डॉक्टर बोटांनी चाचपून जो मऊ-टणकपणा अजमावीत, तोच आता डोनाल्ड यांच्या ध्वनिलहरी मोजू लागल्या आहेत. मूल नसल्याचा दोष निमूटपणे सोसणाऱ्या स्त्रीला कारण कळण्याची आशा त्यातून मिळाली, तर ग्लासगोच्या या प्राध्यापकाच्या खटाटोपाचे खऱ्या अर्थाने चीज होईल.