चिंतामणराव देशमुख : दोन देशांचा एक रुपया सांभाळणारे गव्हर्नर

युरोपची सामाईक बाजारपेठ शिकवताना मुलांना हमखास प्रश्न पडतो, की देश वेगळे आणि पैसा एक, हे जमतं कसं? त्यांना आधी आपल्याच माणसाची गोष्ट सांगा.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. मॅट्रिकला पहिले, १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिले. नोकरीची बरीच वर्षं मध्यप्रांत व वऱ्हाडात गेली, म्हणजे आपला वर्धा जिल्हा तेव्हा ज्या प्रांतात होता तिथंच. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

खरी कसोटी फाळणीनंतर लागली. देश दोन झाले, पण पाकिस्तानकडे ना स्वतःची मध्यवर्ती बँक, ना नोटांचा छापखाना. म्हणून रिझर्व्ह बँकच दोघांचं काम बघू लागली. नाशिकला छापलेल्या भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. विचार करा, सीमेवर लढाई आणि तिजोरीचा राखणदार एकच! शिल्लक रकमेतले ७५ कोटी पाकिस्तानच्या वाट्याचे होते. २० दिले, ५५ काश्मीरच्या लढाईमुळे अडले. कराचीचा राग बँकेवरही निघाला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात सरकारने ते द्यायचं ठरवलं. (आपण सिंदी मेघेकर सेवाग्रामच्या शेजारचे, तरी हा धडा आपण पैशाच्या अंगाने क्वचितच शिकवतो.)

ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची होती, पण ३० जूनलाच संपली. सीमेवर जकात तर मार्चपासूनच सुरू झाली होती. पुढे १९४९ मध्ये भारताने रुपयाचं मूल्य उतरवलं, पाकिस्तानने नाही. ताग पिकायचा पूर्व बंगालात, गिरण्या कलकत्त्यात. दर कुठला धरायचा यावरून व्यापारच अडला.

तिकडे युरोपात नुकतेच लढलेले फ्रान्स आणि जर्मनी १९५१ मध्ये कोळसा-पोलादासाठी एकत्र आले. १९५७ मध्ये सहा देशांनी सामाईक बाजारपेठेचा करार केला, १९७३ मध्ये नऊ देश झाले. चिंतामणराव १९५० मध्ये अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात युरोच्या नोटेशेजारी त्या नाशिकच्या नोटेचं चित्र जरूर ठेवा.