शिल्पकार नानासाहेब करमरकर : सासवण्याचे कलातीर्थ

श्रीक्षेत्र कनकेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी परतीच्या वाटेवर अवश्य थांबावे, असे एक स्थान याच अलिबाग तालुक्यात, मांडवा बंदरानजीक सासवणे गावी आहे. थोर शिल्पकार कै. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांची ही जन्मभूमी आणि कर्मभूमी होय.

नानासाहेबांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 रोजी सासवणे येथे झाला. बालपणापासूनच त्यांना चित्रे काढण्याचा छंद होता. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी रेखाटलेले अश्वारूढ शिवछत्रपतींचे चित्र तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचे इंग्रज जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले. त्या गुणग्राही अधिकाऱ्याने या खेड्यातील मुलाची मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षणाची सोय करून दिली. देवाच्या दारी उमटलेल्या त्या रेषांनी एका आयुष्याला दिशा दिली.

शिक्षण पूर्ण झाल्यावर रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. पुढे 1920 मध्ये ते विलायतेस गेले. लंडन येथे अध्ययन करून व युरोपातील कलासंग्रह डोळसपणे पाहून ते मायदेशी परतले.

त्यांच्या कीर्तीवर कळस चढला तो पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या प्रांगणातील अश्वारूढ शिवपुतळ्याने. ब्राँझमधील या भव्य पुतळ्याचे अनावरण 1928 मध्ये झाले. बालपणी देवळाच्या भिंतीवर ज्या राजाला त्यांनी रेखाटले, त्याच राजाला प्रौढपणी धातूत साकार करण्याचे भाग्य त्यांना लाभले.

एवढा लौकिक मिळूनही नानासाहेबांचे चित्त गावातच गुंतलेले होते. सासवण्याचे घर हीच त्यांची शिल्पशाळा झाली. थोरामोठ्यांचे पुतळे घडविणाऱ्या त्यांच्या हातांनी येथे कोळीण, कष्टकरी स्त्री-पुरुष, आप्तेष्ट आणि गोठ्यातील जनावरेही तितक्याच आदराने घडविली. ज्यांचा पुतळा कोणी चौकात उभारला नसता, अशा माणसांना त्यांनी शिल्परूपाने चिरंजीव केले. यासाठी त्यांनी संगमरवर वा ब्राँझची वाट पाहिली नाही. सिमेंटसारख्या साध्या, स्वस्त द्रव्यातून त्यांनी कातडीच्या सुरकुत्या, वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्यावरील शांत भाव साकारले. अंगणातील सिमेंटची म्हैस पाहताना ती खरीच बसली असल्याचा भास होतो.

भारत सरकारने पद्मश्री किताब देऊन त्यांचा गौरव केला. 1964 मध्ये ललित कला अकादमीने त्यांना अधिछात्रवृत्तीचा बहुमान दिला. 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले.

शिल्पकारामागे जे उरते ते जपणे सोपे नसते. ब्राँझचा पुतळा शहराच्या चौकात जातो. तो ज्यावरून ओतला जातो ते प्लास्टरचे मूळ रूप मात्र कार्यशाळेतच राहते. कलावंताच्या बोटांचा स्पर्श त्यातच अधिक जवळून दिसतो, आणि नाजूकही तेच असते. समुद्राची खारी हवा, कोकणातील धुवाधार पाऊस आणि भिंतींची ओल हे त्याचे नित्याचे शत्रू होत. करमरकर कुटुंबीयांनी हा अनमोल ठेवा निष्ठेने सांभाळला, ही वास्तू संग्रहालयाच्या रूपाने रसिकांसाठी खुली केली. त्यामुळेच एका कलावंताचे अवघे जीवनकार्य त्याच्या स्वतःच्या घरात, एका छताखाली पाहावयास मिळते.

मंदिराचा जीर्णोद्धार हे जसे पुण्यकर्म, तसेच अशा वास्तूंचे जतन हेही समाजाचे कर्तव्य आहे. भाविकांनी येथे आवर्जून भेट द्यावी, सोबत मुलाबाळांना न्यावे, शिल्पांना हात न लावता ती शांतपणे पाहावीत आणि यथाशक्ती या कार्यास हातभार लावावा. देवळाच्या भिंतीवर रेघा ओढणारा एखादा मुलगा आजही कोण्या गावी असेल. त्याची ओळख पटणारी नजर आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.