'रोबो' हा शब्द देणारे कारेल चापेक

शस्त्रक्रियेत डॉक्टरांच्या हातांना साथ देणारे 'दा विंची' यंत्र किंवा सीलच्या पिल्लासारखा दिसणारा, वृद्धांना सोबत करणारा जपानचा 'पारो' यांना आपण 'रोबो' म्हणतो. हा शब्द कारखान्यात नव्हे, तर एका नाटकात जन्मला. ते नाटक लिहिले चेक लेखक कारेल चापेक यांनी.

चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी बोहेमियात एका डॉक्टरांच्या घरी झाला. प्राग येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १९१५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मणक्याच्या आजारामुळे त्यांना पहिल्या महायुद्धात सैन्यात जावे लागले नाही. पुढे ते पत्रकार व लेखक म्हणून नावारूपाला आले.

१९२० मध्ये त्यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक प्रसिद्ध झाले. त्यातील कृत्रिम कामगारांना लॅटिनवरून 'लाबोरी' म्हणावे, असे त्यांच्या मनात होते; पण ते नाव त्यांना पुस्तकी वाटले. तेव्हा त्यांचे थोरले बंधू, चित्रकार योसेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी करावी लागणारी सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठबिगारीच!

नाटकात माणसे सारी कामे रोबोंवर सोपवून निष्क्रिय होतात. शेवटी रोबो बंड करतात. ते एकाच माणसाला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच स्वतःच्या हातांनी काम करत असतो.

चापेक यांनी हिटलरच्या हुकूमशाहीला निर्भयपणे विरोध केला. संकट दिसत असूनही त्यांनी मायदेश सोडला नाही. २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले, तेव्हा गुप्त पोलीस त्यांना पकडायला घरी आले. ते हयात नाहीत हे त्यांना ठाऊकच नव्हते. योसेफ मात्र पकडले गेले आणि १९४५ मध्ये छळछावणीत मरण पावले.

आज रोबो अपंगांना चालायला मदत करतो, ही आनंदाची गोष्ट आहे. थकलेल्या हातांना त्याने जरूर बळ द्यावे; पण धडधाकट हातांनी त्याच्या भरवशावर स्वस्थ बसू नये. आजीजवळ घटकाभर बसून तिची विचारपूस करणे हे काम आपले आहे, ते यंत्रावर सोपवायचे नाही. शंभर वर्षांपूर्वीचे ते नाटक आपल्याला हेच सांगते.