मौनाचे रंग : वासुदेव गायतोंडे

‘मी कोण?’ हा आजच्या दृश्यकलेचा आवडता प्रश्न आहे. प्रांत, भाषा, जात, लिंगभाव आणि आता संगणकाच्या पडद्यावर वावरणारी आपली दुसरी ओळख, हे सारे चित्रकारांचे विषय झाले आहेत. या साऱ्या ओळखी बाजूला सारून चित्र काढण्याचा मार्ग ज्यांनी निवडला, ते वासुदेव संतू गायतोंडे मूळचे गोमंतकीय असले तरी जन्माने वैदर्भीय होते.

२ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीचा काही काळ गोव्यात गेला आणि पुढे कुटुंब मुंबईत गिरगावातील चाळीत स्थिरावले. चित्रकलेची वाट घरच्या विरोधाला तोंड देत त्यांनी धरली. १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेची पदविका त्यांनी मिळविली. रझा, हुसेन, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी त्यांचा संबंध आला. परंतु कोणत्याही गटाचा शिक्का त्यांनी स्वतःवर बसू दिला नाही.

आरंभीच्या चित्रांत माणसे होती, लघुचित्रशैलीचे संस्कार होते, पॉल क्लीचा प्रभाव होता. हळूहळू आकृती विरत गेल्या आणि रंग व प्रकाश तेवढे उरले. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना मान्य नव्हते. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७१ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांची शिकवण त्यांना जवळची वाटत असे.

रूळ आणि रंगसुरीने ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. बहुतेक चित्रांना शीर्षक नसे. सही चित्राच्या पाठीमागे, अनेकदा देवनागरीतही असे. ओळख होती, पण ती पाहणाऱ्याच्या आड येत नव्हती.

या निष्ठेची किंमत मोठी होती. दिल्लीतील निजामुद्दीन भागात एका लहानशा जागेत ते एकाकी राहिले. घरच्यांशी संबंध जवळजवळ तुटले. १९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने रेखाटने केली. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सर्वसामान्य मराठी माणसाला त्या वेळी त्यांचे नावही फारसे ठाऊक नव्हते.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. पुढे हे आकडेही मागे पडले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात बसूनही आज त्यांची चित्रे मोबाइलवर क्षणात दिसतात. मात्र बोटाने सरकणाऱ्या त्या पडद्यावर रंगांचे थर दिसत नाहीत आणि त्यांतून उमलणारा प्रकाशही नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चित्रासमोर, काही न बोलता, थोडा वेळ उभे राहावे लागते. गायतोंडे यांनी तो वेळ आयुष्यभर दिला. पाहणाऱ्याकडूनही त्यांच्या चित्रांची अपेक्षा तेवढीच आहे.