माहीत असण्याची शिक्षा

१९१९ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत बेसबॉलची वर्ल्ड सिरीज खेळली गेली. शिकागोचा व्हाईट सॉक्स हा संघ बलाढ्य. तो सिनसिनाटी रेड्सला सहज लोळवणार, असे बहुतेक सारे धरून चालले होते. प्रत्यक्षात सिनसिनाटीने मालिका ५-३ अशी जिंकली. शिकागोचे काही खेळाडू जुगाऱ्यांना विकले गेले होते, हे उघड व्हायला वर्ष लागले.

या पराभूत संघात तिसऱ्या बेसवर उभा असे जॉर्ज वीव्हर. सारे त्याला बक म्हणत. १८९० साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा गडी १९१२ मध्ये शिकागोच्या संघात आला. तिसरा बेस ही जागा आपल्या क्रिकेटमधल्या जवळच्या क्षेत्ररक्षकासारखी. फटका सणसणत अंगावर येतो आणि विचाराला वेळ नसतो. वीव्हर तिथे वाघ होता. १९१७ साली संघ विश्वविजेता झाला, तेव्हाही तो मैदानात होता.

सामने हरण्याचा बेत ज्या बैठकांत शिजला, तिथे मात्र वीव्हर हजर होता. त्याने पैसे घेतल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. मालिकेत ३४ वेळा फलंदाजी करून त्याने ११ हिट मारले आणि क्षेत्ररक्षणात त्याच्या नावावर एकही चूक लागली नाही. हरायला निघालेला माणूस असा खेळत नाही. पण जे ठाऊक होते, ते त्याने आपल्या क्लबला सांगितले नाही.

१९२० चा हंगाम संपत आला असताना त्याला निलंबित केले गेले. त्या वर्षी त्याने २०८ हिट मारले होते. खटल्यात आपली सुनावणी वेगळी व्हावी, ही त्याची विनंती फेटाळली गेली. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांनी आठही जणांवर तहहयात बंदी घातली. पैसे घेणारा आणि नुसता ऐकणारा, दोघांना एकच शिक्षा.

उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला हा पेच परका नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी व्हाऊचरमध्ये हात मारतो आहे, असे दिसते. तो रोज डबा वाटून खाणारा, आपल्या मुलीच्या लग्नात राबलेला. सांगावे तर चुगलखोर, न सांगावे तर भागीदार. वीव्हरच्या मौनाचा हिशेब करताना आणखी एक बाजू विसरता येत नाही. एडी कॉलिन्स, रे शाल्क यांसारखे त्याचे प्रामाणिक सोबती जिवाच्या आकांताने जिंकायला धडपडत होते. त्या मौनाने त्यांचाही घात झाला. म्हणून तो दोषी होताच. पण दोष आणि शिक्षा यांचे काही माप असावे की नाही? २०१९ साली बांगलादेशच्या शाकिब अल हसनने सट्टेबाजाच्या विचारणांची माहिती दडवली, तेव्हा त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि त्यातले एक वर्ष स्थगित ठेवले गेले. वीव्हरला जन्मठेप मिळाली.

त्याने बंदी उठवावी म्हणून पुनःपुन्हा अर्ज केले. सारे फेटाळले गेले. तो शिकागोतच राहिला, मिळेल ते काम करत राहिला. ३१ जानेवारी १९५६ रोजी त्याच शहरात हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

१३ मे २०२५ रोजी तत्कालीन आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत खेळाडूंवरील बंदी उठवली. त्या यादीत वीव्हरचेही नाव होते. मेलेला माणूस खेळाच्या सचोटीला धोका पोहोचवू शकत नाही, हे त्यामागचे कारण. आपला गुन्हा इतरांएवढाच होता का, हा वीव्हरचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्या आदेशातही नाही.