बहिष्काराची चौकशी करणारे बाबासाहेब

नाशिक रोडहून मनमाडकडे निघालेली गाडी पुढे चाळीसगावास जाते. १९२९ च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे उतरले ते सभेसाठी नव्हे, चौकशीसाठी.

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यास समिती नेमली होती. अध्यक्ष स्टार्ट हे गोरे अधिकारी; सभासदांत बाबासाहेब, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा. ही मंडळी विचाराने एका माळेतील मुळीच नव्हती, तरी त्यांनी जिल्हे वाटून घेऊन पाहणी केली. कोलंबियात १९१६ साली जातिसंस्थेवर निबंध वाचणारे, १९१८ साली शेतीच्या तुकड्यांवर लिहिणारे बाबासाहेब आता खेड्यापाड्यांतील गाऱ्हाणी ऐकत होते.

धुळे मार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. तेथील चौकशी आटोपून ते चाळीसगावी परतले. वस्तीतील लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता. पण एकही टांगेवाला या बॅरिस्टरसाठी टांगा हाकावयास तयार होईना. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेऊन त्यांच्यातीलच एकाने लगाम धरला. त्याला सवय कोठली? नदीवरील मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला. बहिष्कार तपासावयास गेलेल्या अभ्यासकाला बहिष्काराने असे गाठले!

समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये झाला. त्याच महिन्याच्या २ तारखेस बाबासाहेब नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी आले होते. अहवालाचे मर्म असे की, अस्पृश्यांपैकी कोणी सवर्णांची जमीन त्यांच्या मर्जीवर कसतो, कोणी शेतमजूर, कोणी गावकीच्या धान्यावर जगतो. विहिरीवर पाणी भरले, जमीन घेतली, नवरदेव घोड्यावर बसविला, की काम बंद, वाट बंद, वाण्याचे दुकान बंद. हक्क कागदावर आणि चूल दुसऱ्याच्या हाती! म्हणून वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, गिरण्या व रेल्वे कारखान्यांतील उमेदवारांना साहाय्य अशा शिफारशी झाल्या.

गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी मांडली. काळारामाचे दार मात्र पाच वर्षांतही उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा. त्याच वर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केला तो २०१६ साली.